पाण्याचा रिपोर्ट

परवा शनिवारी सकाळी चहाचा कप घेऊन नुकताच बसलो होतो, तेवढ्यात गावाकडून व्हॉट्सॲप आलं. धाकट्या चुलतभावाचं. एक पीडीएफ आणि खाली दोन ओळी. "दादा, तळ्याच्या पाण्याचा रिपोर्ट आला. एकदम क्लीन. पाऊस तोंडावर आलाय, मासे काढू ना?"

पीडीएफ उघडली. डाव्या बाजूला पंधरा-वीस कीटकनाशकांची नावं आणि उजव्या बाजूला प्रत्येकासमोर तेच: आढळले नाही. आढळले नाही. आढळले नाही. आमच्या धंद्यात याला 'ऑल टेस्ट्स पास्ड' म्हणतात. असं काही दिसलं की हात आपोआप अंगठ्याच्या चित्राकडे जातो आणि माणूस चहाकडे वळतो. माझाही गेला. पण तो अंगठा काही मला दाबवेना.

आता गंमत अशी की ही तपासणी कर असं दोन महिन्यांपूर्वी मीच त्याला सांगितलं होतं. "खायचे मासे आहेत, आधी पाणी तपासून घे" वगैरे शहाणपण फोनवरून शिकवलं होतं. बिचाऱ्यानं पदरचे पैसे घालून बाटल्या भरून पाठवल्या. रिपोर्ट चांगला आला. आणि आता मलाच शंका यायला लागली होती. रिपोर्ट खरा असणार, त्याबद्दल काही म्हणणं नाही. शंका होती ती मी त्याला विचारायला लावलेल्या प्रश्नाबद्दल.

झालं असं, की आदल्या वीकांताला आम्ही क्लिअर लेकला जाऊन आलो होतो.

बे एरियात राहणाऱ्यांना वीकांताला कुठे जायचं हा सनातन प्रश्न असतो. योसेमिटी झालं, टाहो झालं, नापा तीनदा झालं (पाहुणे येतात ना!). या वेळी बायको म्हणाली, नकाशावर वर कुठेतरी मोठं तळं दिसतंय, तिकडे जाऊ. सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला अडीच-तीन तास. डोंगरातला वळणावळणाचा रस्ता संपला की एकदम समोर पाणी येतं. पूर्णपणे कॅलिफोर्नियाच्या हद्दीत असलेलं हे सगळ्यात मोठं नैसर्गिक गोड्या पाण्याचं तळं. काठावर कोनोक्टी नावाचा जुना ज्वालामुखी मांडी घालून बसलेला. तळ्याचं वय काही लाख वर्षं. आपण काठावर उभे राहून सेल्फी काढतो तेव्हा हे आकडे डोक्यात नसतात, ते बरंच.

लेकपोर्टच्या धक्क्यावर उभे होतो तेव्हा लेकीनं दाखवलं. "बाबा, ते बघ, त्या पक्ष्याच्या पाठीवर कुणीतरी बसलंय." लांब पांढरी मान, काळी टोपी, लालभडक डोळा. आणि पाठीवरच्या पिसांतून दोन राखाडी डोकी बाहेर आलेली. वेस्टर्न ग्रीब. आपल्याकडे गावतळ्यात टुबुक्कन बुडी मारणारी टिबुकली असते ना, तिची ही लांबची आणि बरीच उंच बहीण. पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच आईबापाच्या पाठीवर चढतात आणि पहिले काही आठवडे तिथेच मुक्काम. एक पाठ दमली की दुसऱ्या पाठीवर. लेक अर्धा तास तिथून हलली नाही.

शेजारी गळ टाकून बसलेल्या एका आजोबांनी आमच्याकडे बघून मान हलवली. म्हणाले, मी लहान होतो तेव्हा या तळ्यावर पिल्लू म्हणून दिसायचं नाही. मी विचारलं, का? ते म्हणाले, चिलटं.

एवढ्यावर थांबलो असतो तर मी सॉफ्टवेअरवाला कसला? रात्री केबिनमध्ये सगळे झोपल्यावर वाचत बसलो. रेचल कार्सनच्या 'सायलेंट स्प्रिंग' या १९६२ सालच्या पुस्तकात या तळ्यावर काही पानं आहेत हे मला माहीत होतं, पण ते तळं हेच, हे डोक्यात आलं नव्हतं.

तर गोष्ट अशी. क्लिअर लेकवर पूर्वीपासून एक बारीक चिलट. डासाचं नातेवाईक, पण चावत नाही, रक्त पीत नाही. अळ्या तळ्याच्या गाळात वाढायच्या आणि उन्हाळ्यातल्या रात्री दिव्यांवर चिलटांचे ढगच्या ढग यायचे. ताटात, चहात, नाकात. पर्यटनावर चालणारं गाव, त्यामुळे लोक वैतागले. १९४० च्या दशकात नवीन कीटकनाशकं आली तेव्हा यावर उपाय सापडला. डीडीटी नको, ती माशांना जास्त घातक. तिची जवळची बहीण डीडीडी, माशांच्या दृष्टीने जरा बेताची, म्हणून ती निवडली.

इथे मी जरा थबकलो. कारण ही माणसं बेफिकीर नव्हती. त्यांनी तळं मोजलं, पाणी किती आहे त्याचा हिशोब काढला आणि अगदी थोडा डोस ठरवला. १९४९ साली सात कोटी भाग पाण्यात एक भाग डीडीडी. चिलटं जवळजवळ संपली. सगळे खूश. काही वर्षांनी ती पुन्हा आली म्हणून १९५४ साली दुसरी फेरी, या वेळी पाच कोटीत एक. आणि १९५७ साली तिसरी.

पाच कोटीत एक म्हणजे किती? मी कागदावर मांडून बघितलं. अडीच हजार लिटरची टाकी घ्या, सोसायटीच्या गच्चीवर असते तशी. त्यात एक थेंब. बस्स. आपण कुणीही डिझाइन रिव्ह्यूला बसलो असतो तर मान डोलावून पुढच्या मुद्द्याकडे गेलो असतो.

१९५४ च्या फेरीनंतरच्या हिवाळ्यात तळ्यावर ग्रीब मरून पडायला लागले. शंभराहून जास्त. १९५७ नंतर पुन्हा तेच. मेलेले पक्षी तपासले, कुठला रोग सापडेना. मग कुणाला तरी त्यांची चरबी तपासायची बुद्धी झाली. त्या चरबीत डीडीडी निघाली दहा लाखात १६०० भाग. म्हणजे एक किलो चरबीमागे दीड ग्रॅमहून जास्त.

पाण्यातला सगळ्यात मोठा डोस होता दहा लाखात ०.०२ भाग. भागाकार करा. ऐंशी हजार पट.

मग शास्त्रज्ञ एकेक पायरी खाली उतरत गेले. पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवक : दहा लाखात सुमारे ५ भाग. पाण्याच्या अडीचशे पट. ते खाणारे शाकाहारी मासे : ४० ते ३००. आणि मासे खाणारे मासे त्याच्याही वर. बुलहेड नावाचा मिशावाला मासा, त्यातल्या एकाच्या चरबीत तब्बल २५०० भाग. ग्रीब हे मासे खातात. तळ्यावर हजारावर जोड्या घरटी करायच्या, १९६० पर्यंत सुमारे तीस उरल्या. आणि त्या तीस जोड्यांनाही पिल्लं होईनात. धक्क्यावरच्या आजोबांचं लहानपण ते हेच.

पण मला झोप येऊ न देणारी ओळ वेगळीच होती. शेवटच्या फवारणीनंतर थोड्याच काळात तळ्याच्या पाण्यात डीडीडी सापडेनाशी झाली. पाणी स्वच्छ! आणि जवळपास दोन वर्षांनी प्लवक तपासलं तर त्यात तेवढीच, पाचच्या आसपास. प्लवकाच्या किती पिढ्या मधल्या काळात जन्मल्या आणि मेल्या असतील. विष एका अंगातून दुसऱ्या अंगात फिरत होतं. पाण्यात येतच नव्हतं, तर पाण्याच्या रिपोर्टमध्ये दिसणार कसं?

हे का होतं, ते स्वयंपाकघरात सहज कळतं. हळद नुसत्या पाण्यात टाका, ती गढूळ होऊन खाली बसते. फोडणीत टाका, तेल पिवळंधमक होतं. डीडीटी-डीडीडी या मंडळींचं हळदीसारखंच आहे. पाण्यात त्यांना करमत नाही, चरबी दिसली की तिकडे धाव. तळ्यातलं प्रत्येक प्लवक म्हणजे तेलाचा एक सूक्ष्म थेंबच. पाण्यातलं विष त्यात ओढलं जातं आणि पाणी 'साफ' होतं.

पुढची पायरी खाण्याची. मासा किलोवारी प्लवक खातो तेव्हा कुठे थोडासा वाढतो. बाकीचं सगळं पोहण्यात, जगण्यात खर्च होतं. अन्न जळतं, पण ही रसायनं सहजी जळत नाहीत, लघवीवाटे जात नाहीत, कारण ती पाण्यात विरघळतच नाहीत. खाल्लेल्यापैकी मासा उरतो थोडा आणि विष उरतं बरंचसं. त्या माशाला मोठा मासा खातो, त्याला पक्षी. दर पायरीवर पगार खर्च होतो आणि कर्ज तेवढं पुढच्याच्या नावावर चढतं. कोडच्या भाषेत सांगायचं तर हा काउंटर फक्त वाढतो, रिसेट कुठेच लिहिलेला नाही.

एक रिसेट आहे म्हणा. आईचा. पक्षी अंडं घालतो तेव्हा स्वतःची चरबी पिवळ्या बलकात ओततो, आणि चरबीबरोबर कर्जही. आपण सस्तन प्राणी दुधात ओततो. १९५१ सालीच अमेरिकेत आईच्या दुधात डीडीटी सापडल्याची नोंद झाली होती.

आणि इथेच शनिवारी सकाळी माझा अंगठा अडला. कारण माझ्या चुलतभावाची बायको सात महिन्यांची गरोदर आहे.

जरा गावाबद्दल सांगतो. आमचं गाव तासगावच्या बाजूला, द्राक्षाचा पट्टा. घराच्या मागे ओढा आहे. त्या ओढ्याच्या काठाला, जिथे पूर्वी एक डोह होता, तिथे भावानं तळं खोदलंय. प्लास्टिक न टाकलेलं, मातीचंच. पावसाळ्यात ओढ्याचं पाणी वळवून भरून घेतात. त्यात त्यानं गेल्या वर्षी रोहू-कटला सोडले. पण घरच्यांचं लक्ष त्यांच्यावर नाही. पुराच्या पाण्याबरोबर तळ्यात मरळ आली, आपली आपण. काळीशार, हातभर लांब. ती आणि तिच्यासारख्या अजून चार-पाच तळ्यातली लहान मासळी खाऊन गलेलठ्ठ झाल्यात. आणि काकीनं त्या राखून ठेवल्यात. बाळंतिणीला मरळीचा रस्सा, अंगात ताकद येते, दूध येतं. काकीचं सगळं ठरलंय.

आता त्या डोहाबद्दल. साल १९९६ असावं, दिवाळीची सुट्टी. मी दहा वर्षांचा. तात्या, म्हणजे माझे काका, टोमॅटोवर औषध मारून आले. आमच्याकडे कीटकनाशकाला 'औषध'च म्हणतात, 'विष' नाही म्हणत. आणि म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी सरसकट 'एंड्रिन', मग डब्यात काही का असेना. खुद्द एंड्रिनवर १९९० मध्येच बंदी आली होती, पण शब्द गेला नव्हता. गावात 'एंड्रिन घेतलं' म्हटलं की कुणी पुढचं काही विचारायचं नाही, सरळ दवाखान्याकडे पळायचं. त्या दिवशीच्या डब्यात एंडोसल्फान होतं. तात्यांनी पाठीवरचा पंप काढून माझ्याकडे दिला. "जा रं, ओढ्यावर धुऊन आण."

मी अगदी मन लावून धुतला. शहरातून आलेला पुतण्या, काम मिळालं म्हणून केवढा आनंद! तळाशी उरलेलं पांढरं पाणी डोहात ओतलं, टाकी तीनदा खळखळून विसळली, नळी विसळली. दुसऱ्या दिवशी सकाळी डोहावर सगळी पोरं जमली होती. पांढरी पोटं वर करून मासे. लहान मासळी, झिंगे, एक शिंगाळा. एंडोसल्फान माशांना लिटरमागे काही मायक्रोग्रॅमनंच मारतं हे मला तेव्हा कुठे माहीत? पोरांनी टोपल्या भरल्या. फुकटचे मासे. त्या दिवशी निम्म्या आळीत कालवण झालं. आम्हीही खाल्लं. मीच मारलेले म्हणून मला कौतुकानं जास्तीचा तुकडा वाढला गेला.

कुणालाही काही झालं नाही.

हे वाक्य मी पुढची तीस वर्षं असंच डोक्यात ठेवलं होतं, गमतीचा किस्सा म्हणून. कॉलेजात मित्रांना रंगवून सांगितलाय. क्लिअर लेकच्या त्या केबिनमध्ये पहिल्यांदा लक्षात आलं, की १९४९ नंतर तिथली माणसंही हेच म्हणत असणार. काही झालं नाही. पाच वर्षं खरंच काही झालेलं दिसत नव्हतं.

अंगठा न दाबता मी फोन लावला. तिकडे रात्र झाली होती. भावानं उचलला, स्पीकरवर टाकला. तात्या शेजारी होतेच.

मी क्लिअर लेकची गोष्ट सांगितली. चिलटं, पक्षी, ऐंशी हजार पट, सगळं. तात्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आरं, त्या साली डोहातलं मासं तू बी खाल्लंस, म्या बी खाल्लं. काय झालं का कुणाला? आज पंच्याहत्तरी गाठली म्या."

याला उत्तर देणं अवघड आहे. कारण ते खरंय. आणि उगाच घाबरवायचंही नव्हतं. मी या विषयातला तज्ज्ञ नाही, पण एवढं प्रामाणिकपणे सांगितलं, की सगळी औषधं सारखी नसतात. आज बागेवर मारतात त्यातली बरीचशी चरबीत साठून वर्षानुवर्षं राहणारी नाहीत. त्यातली काही माशांना जागच्या जागी मारतील, पण अशी पायरी पायरीनं चढणार नाहीत. खरी काळजी जुन्या मंडळींची. डीडीटी शेतीसाठी आपल्याकडे १९८९ मध्ये बंद झाली, मलेरियासाठी पुढेही चालू राहिली. मुंबई-पुणे प्रवासात रसायनीची पाटी लागते ना, तिथल्या सरकारी कारखान्यात ती वर्षानुवर्षं तयार होत होती. एंडोसल्फानवर सुप्रीम कोर्टानं बंदी आणली ती २०११ मध्ये, केरळात कासारगोडच्या काजूबागांतल्या लोकांनी काय काय भोगल्यावर. आणि क्लोरपायरीफॉस, जे आपल्याकडे शेतापासून घराच्या वाळवीपर्यंत सगळीकडे मारलं गेलं, ते २०२५ मध्ये स्टॉकहोम कराराच्या यादीत गेलं. जगभर हटवायच्या, निसर्गात टिकून राहणाऱ्या आणि अंगात साठणाऱ्या रसायनांची ती यादी. यातलं किती आपल्या ओढ्याच्या गाळात असेल? कदाचित काहीच नसेल. पण पाण्याच्या रिपोर्टवरून ते कळणार नाही.

भाऊ जरा चिडलाच. "दादा, मग पाणी तपास म्हणून तूच सांगितलंस ना?"

"हो, चुकलं माझं."

"मग आता काय तपासू? परत पैसे घालायचे?"

मी गप्प. इथे मला एक गोष्ट सुचली, आणि ती खरं तर त्याच्याच धंद्यातली होती. मी म्हटलं, "तुझी द्राक्षं युरोपला जातात तेव्हा रेसिड्यू कशाची तपासतात?"

"द्राक्षाची."

"बागेला सोडतोस त्या पाण्याची का नाही तपासत?"

"गिऱ्हाईक पाणी पिणार आहे का? द्राक्ष खाणार ना तो."

बोलून तोच थांबला. पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज नाही. मग तात्यांचं हसू ऐकू आलं. "घे. तुझ्याच तोंडानं बोललास."

मग आम्ही नीट ठरवलं. तपासायचा तो मासा. आणि मासा कुठला, तर रोहू-कटला नाहीत. ते प्लवक आणि पाणवनस्पतींवर जगतात, वर्षाचेच आहेत, खालच्या पायरीवरचे. ते स्वच्छ निघाले तरी वरच्या पायरीचं काही कळत नाही. तपासायची ती सगळ्यात मोठी, सगळ्यात जुनी मरळ. तळ्यातली बाकीची मासळी जिच्या पोटात गेली ती. सोबत तळातला थोडा गाळ. पुण्याच्या एका लॅबनं मासा आणि गाळ दोन्ही घेतो म्हणून सांगितलं, बर्फात घालून पाठवायचा.

काकीला हे अजिबात पटलं नाही. "एवढी जतन केलेली मरळ मशीनमधी घालायची? दुसरा मासा नाही व्हय?" तिचं दुःख मला समजतं. शिकारी मासाच खायला चविष्ट असतो, तोच ताकदीचा मानला जातो, आणि हिशोब मांडला तर सगळ्यात जास्त कर्जही त्याच्याच अंगावर असायचा संभव. आपली परंपरा बाळंतिणीसाठी नेमका तोच राखून ठेवते. ज्या काळात ओढ्यात औषध नव्हतं त्या काळात ती परंपरा शंभर टक्के शहाणी होती. परंपरेची यात काही चूक नाही. तिला खाली काय बदललं हे कुणी सांगितलंच नाही.

भावाच्या बायकोनं फोन हातात घेऊन हळूच विचारलं, "भावजी, मग बाळाला दूध...?" तिला मी लगेच सांगितलं, की त्याची शंका घ्यायची नाही. डॉक्टरही सांगतात आणि जागतिक आरोग्य संघटनाही, की आईच्या दुधाचे फायदे या सगळ्याच्या वर आहेत, दूध पाजायचंच. काळजी घ्यायची ती आपल्या ताटाची, आणि तीही आधीपासून. कारण आईच्या अंगात साठतं ते नऊ महिन्यांत नव्हे, आयुष्यभरात. तिच्या आईनं, आजीनं काय खाल्लं, कुठल्या ओढ्याचं खाल्लं, त्यावर तिचा काही इलाज नव्हता. हे सांगताना मला पंप विसळणारा तो दहा वर्षांचा मुलगा आठवत होता.

क्लिअर लेकचं पुढे काय झालं तेही सांगायला हवं. ज्या चिलटांसाठी हा सगळा खटाटोप केला ती डीडीडीला पुरून उरली, तिसऱ्या फेरीनंतर पुन्हा आलीच. मग दुसरी औषधं झाली, १९६७ मध्ये चिलटांच्या अळ्या खायला बाहेरून मासे आणून सोडले. अमेरिकेत डीडीटीचा वापर १९७२ मध्ये थांबवला गेला. आणि हळूहळू, वर्षामागून वर्षं, ग्रीब परत आले. आता चांगल्या वर्षी तिथे हजारोंनी घरटी करतात. आम्ही पाहिलेली पाठीवरची दोन डोकी ही त्या वसुलीतली.

पण धक्क्यावर एक पाटीही होती. कुठला मासा आठवड्यातून किती खावा याची. मोठ्या शिकारी माशांवर जास्त बंधनं, आणि गरोदर बायका व लहान मुलांसाठी सगळ्यात कडक. कारण आता वेगळंच आहे, पारा. तळ्याच्या पूर्वेच्या टोकाला पाऱ्याची एक जुनी खाण आहे, १९९० पासून सरकारच्या साफसफाईच्या यादीत. पारा चरबीत नव्हे, माशाच्या मांसात साठतो. बाकी जिना तोच आणि पायऱ्या त्याच. तिथल्या सरकारला एक गोष्ट मात्र उमगलेली दिसली. पाटीवर पाण्यात पारा किती हे लिहिलेलं नव्हतं. माशाबद्दल लिहिलं होतं.

ग्रीबला ती पाटी वाचता येत नाही, हा भाग वेगळा.

मंगळवारी भावानं फोटो पाठवला. थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर मरळ, शेजारी पिशवीत गाळ. खाली मेसेज. "पाठवली. काकी दोन दिवस बोलत नाहीये. रिपोर्टला अजून पंधरा दिवस. बाकी मासे तोपर्यंत काढत नाही, व्यापाऱ्याला पुढची तारीख दिली."

आणि थोड्या वेळानं आणखी एक. "पण दादा, रिपोर्ट चांगला आला तर दिवाळीला तू यायचं आणि पहिला तुकडा तू खायचा. तेव्हा खाल्ला होतास तसा."

मी लगेच 'हो' लिहिलं. मग लेकीला ग्रीबचा व्हिडिओ परत एकदा दाखवत बसलो. रिपोर्ट वाईट आला तर त्या तळ्याचं, भावाच्या पैशाचं आणि तात्यांच्या चेहऱ्याचं काय करायचं, याचं उत्तर अजून माझ्याकडे नाही.

असो. चहा कधीच गार झाला होता.